पॅटर्नचा दोष की कास्टिंगचा? घरातल्या कॅन्सरची वंशावळ अशी काढा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी तपासणी खात्यात आहे. बावीस वर्षं झाली. सकाळी गेलो की टेबलावर आदल्या दिवसाचं रिजेक्शन मांडलेलं असतं, आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हा खड्डा एकाच कास्टिंगला, म्हणजे वाळूच्या मोल्डमध्ये ओतून बनवलेल्या एकाच तुकड्याला आहे, की लॉटमधल्या सगळ्यांना आहे, आणि तेही त्याच जागी? एकालाच असेल तर त्या मोल्डमध्ये वाळू ढासळली असणार, नाहीतर गॅस अडकला असणार. तो तुकडा भट्टीत परत टाकायचा आणि पुढं जायचं. सगळ्यांना त्याच जागी असेल तर मात्र काम थांबवून पॅटर्न मागवायचा, म्हणजे ज्याचा ठसा वाळूत उमटवून मोल्ड बनवतात तो मूळ नमुना. पॅटर्नवर ओरखडा असला की तो प्रत्येक मोल्डमध्ये उतरतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात ताईच्या छातीत गाठ निघाली. वय एकेचाळीस. ऑगस्टच्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा तिची तिसरी केमो चार दिवस लांबली. त्या चार दिवसांत घरात बसून प्रत्येकजण एकच विचारत होता, "आपल्याच घरात का?" मी तपासणीवाला माणूस. मला वाटलं, प्रश्न बरोबर आहे, फक्त तो विचारायची पद्धत असते. ती पद्धत शिकायला मला दीड वर्ष लागलं आणि मध्ये एकदा पैसेही वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. निर्णय डॉक्टरांशीच बोलून घ्या. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा हातात काय असावं, ते मी सांगू शकतो.

आधी दोष कुठला ते बघा

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचं ड्रॉइंग असतं, आणि त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. त्यात प्रोटीन बनवण्याच्या सूचना असलेले साधारण २०,००० जीन. पेशी दुभंगताना हे सगळं नकलून काढावं लागतं. नक्कल फार चोख होते, चुका लगेच दुरुस्तही होतात, तरी आयुष्यभरात एखादी चूक निसटतेच. त्यात तंबाखू, ऊन, एक्स-रे भर घालतात. ही निसटलेली चूक म्हणजे म्युटेशन.

एखाद्या पेशीत नंतर झालेली चूक म्हणजे कास्टिंगचा दोष. ती मुलांकडं जात नाही. बहुतेक कॅन्सर या जातीचे. आमच्या गल्लीत एक काकू पन्नास वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या, त्यांना गालाचा कॅन्सर झाला. त्यांचा मुलगा घाबरून विचारत होता, मलाही होणार का. आईच्या गालातल्या पेशींत तंबाखूनं जे बिघडवलं, ते त्याच्या अंगात उतरलेलं नाही. त्याच्या खिशात माव्याची पुडी होती, ती मात्र त्याची स्वतःची.

दुसरा दोष पॅटर्नचा. आईच्या बीजात किंवा वडिलांच्या शुक्राणूत असलेली चूक बाळाच्या प्रत्येक पेशीत येते. शंभर कॅन्सर रुग्णांत अशा आनुवंशिक दोषातून कॅन्सर झालेले साधारण पाच ते दहाच सापडतात. इथं एक बारकावा आहे, तो मला १९७१ च्या एका अभ्यासातून कळला. अमेरिकेतल्या आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरच्या ४८ केसेस घेऊन हिशेब मांडला. काही मुलांना तो लवकर आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत होतो, काहींना उशिरा आणि एकाच डोळ्यात. त्यांचं म्हणणं असं की ब्रेकचं काम करणाऱ्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय पेशी बेफाम होत नाही. ज्याला पॅटर्नमध्येच एक प्रत बिघडलेली मिळाली, त्याला पुढं एकच धक्का पुरतो. बाकीच्यांना एकाच पेशीत दोन धक्के बसावे लागतात. म्हणून कमी वयात कॅन्सर, दोन्ही बाजूंना कॅन्सर किंवा एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर दिसले की पॅटर्न तपासायचा.

इथं माझी उपमा जरा लंगडी पडते, कारण आमचं कास्टिंग पिल्लं घालत नाही. पेशी घालते. म्हणून शरीरात कास्टिंगचा एकच दोषसुद्धा गाठीएवढा होतो.

तिसरा दोष बऱ्याच लोकांना माहीत नसतो, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो, कारण आमच्याकडं निम्मं रिजेक्शन त्यातलंच असतं. ड्रॉइंग बरोबर, पॅटर्न बरोबर, पण जॉब कार्ड चुकीचं. पन्नास नग हवे होते तिथं पाच हजार ओतले, किंवा हवे होते तेव्हा ओतलेच नाहीत. यकृताच्या पेशीत आणि केसाच्या मुळाच्या पेशीत ड्रॉइंगचा गठ्ठा तोच असतो. कुठलं ड्रॉइंग कधी काढायचं आणि किती वेळा चालवायचं, हे जीनच्या आजूबाजूच्या अक्षरांवर आणि त्यांना चिकटणाऱ्या प्रोटीनवर ठरतं.

हे कसं बिघडतं बघा. बर्किट लिम्फोमा नावाचा रक्तपेशींचा कॅन्सर आहे. त्यात आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून बहुतेक वेळा चौदाव्याला जोडला जातो. त्या तुकड्यावर पेशीला वाढायला लावणारा एक जीन असतो. तो आपल्या जागेवरून उठून अँटिबॉडी बनवणाऱ्या जीनशेजारी येऊन बसतो, आणि त्या पेशीत अँटिबॉडीचं खातं तीन शिफ्ट चालू असतं. शेजाऱ्याचं जॉब कार्ड याला लागू होतं, म्हणजे वाढ थांबतच नाही. उलटाही प्रकार होतो. मोठ्या आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये एमएलएच१ हा दुरुस्तीचा जीन अक्षरशः धडधाकट असतो, फक्त त्याच्या सुरुवातीच्या जागेवर मिथाइल नावाचे रासायनिक गट बसून त्याला कुलूप लागलेलं असतं. ड्रॉइंग आहे, पण कपाटाची किल्ली नाही. असं कुलूप बहुधा त्या गाठीपुरतंच असतं, घरात उतरत नाही. त्याच जीनमध्ये जन्मजात चूक असेल तर मात्र तो लिंच सिंड्रोम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, आणि तो मुलांपर्यंत पोचतो. गाठीच्या तपासणीत "एमएलएच१ दिसत नाही" असं आलं, तर कुलूप आहे की चूक, हे डॉक्टरांना विचारा. बाकीच्या घरानं काय करायचं, ते सगळं त्या उत्तरावर ठरतं.

वंशावळ काढायची, पण तहसीलवाली नाही

मी पहिल्यांदा जी चूक केली ती तुम्ही कराल म्हणूनच सांगतो. घरात वंशावळ तयार होती. जातीच्या दाखल्यासाठी काढलेली, खापरपणजोबांपासून. मी ती झेरॉक्स करून घेऊन गेलो. समोरच्या बाईंनी, म्हणजे जेनेटिक कौन्सेलरनी, कागद बघितला आणि विचारलं, "यात बायका कुठायत?"

खरंच नव्हत्या. आमच्या वंशावळीत मुलगी नांदायला गेली की कागदावरून उतरते. आजोबांना तीन मुलगे दिसत होते. दोन आत्या होत्या, त्यांचं नाव नाही. आजीचं माहेर नाही. आजार मात्र सातबारा बघून वाटणी करत नाही.

तर कोरा मोठा कागद घ्या आणि पेन्सिल घ्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. नवरा-बायकोत आडवी रेघ, मुलं खाली, थोरला डावीकडं. ज्याला कॅन्सर झाला त्याचं चिन्ह भरून काळं करा आणि शेजारी कुठल्या अवयवाचा, कुठल्या वयात, ते लिहा. वारलेल्यावर तिरकी काट मारा. कमीत कमी तीन पिढ्या, आईची बाजू आणि वडिलांची बाजू दोन्ही. निरोगी माणसंही लिहा, त्यांचं वयही लिहा. सत्तरीतल्या चार धडधाकट आत्या ही सुद्धा माहितीच आहे.

आजार निघाला तेव्हाचं वय हवं, मृत्यूचं नव्हे. म्हाताऱ्या माणसांना साल सांगता येत नाही, पण पूर सांगता येतो. मी विचारायचो, २००५ च्या महापुराआधी की नंतर? जन्मासाठी १९७२ चा दुष्काळ धरायचो. शिरोळकडं दिलेली धाकटी आत्या "पोटाच्या आजारानं" गेली एवढंच आम्हाला माहीत होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिच्या जाऊबाई म्हणाल्या, पूर यायच्या आदल्या वर्षी तिच्या पोटात पाणी झालं. म्हणजे २००४, वय ४६. मी जाऊबाईंना जुनी फाईल शोधायला लावली. ट्रंकेत मिळाली, ओली होऊन सुकलेली, पण "ओव्हरी" शब्द वाचता येत होता.

"पोटाचा आजार", "गाठ झाली होती", "अंगावरून जायचं", "बाहेरचं झालं होतं" या शब्दांवर थांबू नका. कुठल्या दवाखान्यात नेलं, केस गेले होते का, लाईट दिली का, ऑपरेशनची खूण कुठं होती, हे विचारा. बायकांचे आजार बायकांनाच माहीत असतात, तेव्हा फोन बायकोला किंवा आईला करायला लावा. मी स्वतः केलेले पहिले चार फोन "सगळं बरं आहे" यावर संपले.

कागद पूर्ण झाला तेव्हा वडिलांच्या बाजूला तीन काळी चिन्हं होती. आत्या अंडाशय, थोरले काका प्रोस्टेट, ताई स्तन. मध्ये आप्पांचा चौकोन कोरा. त्यांना कधी साधा मधुमेहही नाही. स्तनाचा कॅन्सर म्हणजे आईकडून, असं आम्ही सगळे धरून बसलो होतो आणि आई बिचारी उगाच स्वतःला बोल लावत होती. बीआरसीए हे दुरुस्तीचे जीन, ते बिघडले की स्तन, अंडाशय, प्रोस्टेट अशा कॅन्सरचा धोका वाढतो. त्यांची चूक पुरुषाकडूनही तेवढीच येते. पुरुषाला काही न होता ती त्याच्यातून खाली जाऊ शकते.

पहिलं रक्त कुणाचं

जिला किंवा ज्याला कॅन्सर झालाय, तिचं. हे वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. ताईच्या आजारपणात मला एका कंपनीचा फोन आला होता. थुंकी पाठवा, घरबसल्या कॅन्सरचा धोका कळेल. मी पाठवली. "धोका आढळला नाही" असा रंगीत रिपोर्ट आला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मोजक्याच ठरावीक जागा तपासल्या आहेत. म्हणजे पॅटर्नच्या दोन कोपऱ्यांना गेज लावून अख्खा पॅटर्न पास केल्यासारखं. आमच्याकडं कुणी असं केलं तर संध्याकाळी घरी बसवतील.

निरोगी माणसाचा निगेटिव्ह रिपोर्ट, घरातली चूक नेमकी कुठली हे माहीत नसताना, जवळपास बिनकामाचा. आधी आजारी माणसात चूक शोधा. सापडली की बाकीच्यांची तपासणी फक्त त्या एका जागेची होते, खर्चही बराच कमी, आणि उत्तर हो किंवा नाही असं सरळ येतं.

ताईची गाठ "ट्रिपल निगेटिव्ह" होती, म्हणजे स्तनाच्या गाठीत नेहमी तपासतात त्या तिन्ही खुणा तिच्यात नव्हत्या. हा शब्द तुमच्या बायोप्सीच्या कागदावर असेल तर बीआरसीए तपासणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा, मग घरात दुसरं कुणी नसलं तरी. अंडाशयाचा कॅन्सर असेल तर कुठल्याही वयात विचारा. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तरी विचारा. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला टाटा मेमोरियलला गेलो होतो. तिथं कॅन्सर जेनेटिक्सचं वेगळं क्लिनिक आहे. आता रक्त इथं कोल्हापुरात देऊन नमुना बाहेर पाठवता येतो, पण रक्त देण्याआधी कौन्सेलरशी अर्धा तास बसाच, फोनवर का असेना.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. गाठीचा तुकडा तपासला की रक्त? दोन्ही रिपोर्ट दिसायला सारखेच असतात. गाठीत सापडलेली चूक फक्त कास्टिंगची असू शकते. पी५३ नावाचा जीन साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये बिघडलेला सापडतो, म्हणून त्या अर्ध्या लोकांचा कॅन्सर आनुवंशिक ठरत नाही. घरासाठी महत्त्वाचा रिपोर्ट रक्ताचा.

रिपोर्टमधली ती एक ओळ

पंधरा पानांच्या रिपोर्टमध्ये कामाची ओळ एकच असते. ताईची अशी होती: बीआरसीए१, सी.६८_६९डेलएजी. मी ती ड्रॉइंगसारखी वाचायला शिकलो. जीन बीआरसीए१, म्हणजे सतराव्या गुणसूत्रावरचा. १९९४ मध्ये सापडलेला हा जीन डीएनएचा तुटलेला दोर सांधण्याच्या कामातला. ६८ आणि ६९ क्रमांकाची अक्षरं, ए आणि जी, गळाली. दोनच अक्षरं.

दोन अक्षरांनी काय होतं ते कळायला मी मुलीच्या वहीत लिहून बघितलं. पेशी अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचते. समजा मजकूर आहे: बबन परत गरम वरण. आता दुसऱ्या शब्दातला "पर" काढा आणि पुन्हा तीन-तीन वाचा: बबन तगर मवर ण. "तगर" हा शब्द चुकून बरा निघाला, पण पुढं सगळा गाळ. पेशीचंही तसंच. पुढचे थोडे शब्द भलतेच वाचून ती चुकीच्या जागी "थांबा" या खुणेवर आदळते. १,८६३ कड्यांचं प्रोटीन व्हायला हवं होतं, ते ३८ कड्यांवर तुटतं. एकच अक्षर बदललं असतं तर कदाचित एकच कडी बदलली असती आणि काही बिघडलंही नसतं. म्हणून "म्युटेशन सापडलं" एवढं ऐकून हातपाय गाळू नका, कुठलं ते विचारा.

त्या ओळीच्या शेजारी निकाल असतो. पाच प्रकार: पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक, व्हीयूएस, लाइकली बिनाइन, बिनाइन. पहिले दोन म्हणजे दोष धरायचा. शेवटचे दोन म्हणजे सोडून द्यायचा. मधला व्हीयूएस लोकांना छळतो. त्याचा अर्थ, फरक दिसतोय पण तो बिघाड आहे की नुसता वेगळेपणा, हे आज ठरवायला पुरावा नाही. आमच्याकडं अशा नगाला पिवळा टॅग लावून बाजूला ठेवतात. ना पास, ना स्क्रॅप. ओळखीच्या एका घरात व्हीयूएस आला आणि कुणीतरी सल्ला दिला की दोन्ही स्तन काढून टाका. पिवळ्या टॅगवर ऑपरेशन ठरवायचं नसतं. वर्ष-दोन वर्षांनी त्याच लॅबला विचारायचं, निकाल बदलला का. बऱ्याचदा तो बिनाइनकडंच सरकतो.

पॅथोजेनिक आलं तरी तो धोका आहे, निकाल नव्हे. बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या बाईला ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आणि अंडाशयाचा साधारण ४४ टक्के असं एका मोठ्या अभ्यासात निघालं. आकडे मोठे आहेत, पण करण्यासारखंही बरंच आहे. पंचविशीपासून वर्षाला एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्रामही, आणि मुलं झाल्यावर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय काढण्याचा विचार. ताईनं काढले. आजारी माणसाला औषधातही फायदा होतो. ओलापॅरिबसारखी औषधं नेमकी या दुरुस्तीच्या दोषावरच चालतात.

लग्नाआधीची एक तपासणी

कॅन्सरपेक्षा वेगळी गोष्ट, पण त्याच कागदावर दिसते. आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांत आठवा हिस्सा ड्रॉइंग सारखं असतं. थॅलेसेमियासारख्या आजारात एक प्रत बिघडलेली असली तर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघंही तसे निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. नात्यात असो की नसो, लग्नाआधी दोघांची एचपीएलसी नावाची रक्ततपासणी करा. त्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर तो वाहक. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन फरक नसेल, तरीही करा.

या आजारात जॉब कार्डचा एक सुंदर उपयोग झालाय. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळ्या जीनवरून बनतं, जन्मानंतर तो बंद होतो आणि मोठ्यांचा चालू होतो. थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये बिघाड मोठ्यांच्या जीनमध्ये. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका उपचारात बिघडलेलं ड्रॉइंग दुरुस्तच करत नाहीत. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशींत, लहानपणचा जीन बंद ठेवणाऱ्या बटणाची तार कापतात. जुनं ड्रॉइंग पुन्हा चालू होतं. किंमत आपल्या आवाक्याबाहेर आहे, पण डोकं कुणाचं चाललं असेल याचं मला कौतुक वाटतं.

घरात सांगायचं कसं

ताईचा दोष सापडल्यावर आप्पांचं रक्त दिलं, त्यांच्यात तोच. माझं दिलं, माझ्यात नाही. माझी मुलगी अकरावीत आहे. तिची तपासणी करायचीच नाही, कारण जे माझ्यात नाही ते माझ्याकडून तिला जाणार कसं? "एक पिढी सोडून येतं" हे खरं नाही. माझ्यात दोष असता तरी ती अठराची होईपर्यंत थांबलो असतो आणि पुढचं तिनंच ठरवलं असतं. ताईच्या मुलाला मात्र निम्मी शक्यता आहे. तो म्हणतो, बघू.

शिरोळच्या आत्याची मुलगी, आमची अक्का, आता तिच्या आईच्या वयाची आहे. तिला सांगायला मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा ऊस, पाऊस, लग्नं यावर बोलून ठेवला. शेवटी ताईनंच रिपोर्टच्या त्या पानाची झेरॉक्स काढली, ओळीखाली लाल रेघ मारली आणि म्हणाली, हे घेऊन जा, बोलायचं काम कागद करेल. तसंच करा. कौन्सेलर नातेवाइकांसाठी पत्रही देतात, ते मागून घ्या. जाताना दुपारचं जा, जेव्हा घरात पुरुष मंडळी शेतात असतात. बोलणं नीट होतं.

अक्कानं कागद दोनदा वाचला, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला. चहा टाकला. मग म्हणाली, "रक्त द्यायला उपाशी यायचं काय रे?"

"नाही," म्हटलं, "जेवूनच ये."